रात्रीचा रकाना

"पृथ्वीच्या तापमानाचा मालक एकच, सूर्य! त्यात ढवळाढवळ करायची माणसाची लायकी नाही," असं दुर्गाप्रसाद गुरुजींनी जूनमध्ये सौंदड स्टेशनाबाहेरच्या चहाटपरीवर जाहीर केलं, आणि ऊन अंगावर आलं म्हणून बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले.

गुरुजी भूगोल शिकवून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं रोज सकाळी परसातल्या कमाल-किमान तापमापकाचे दिवसाचे आणि रात्रीचे आकडे वहीत दोन रकान्यांत उतरवत आलेले, त्यामुळे हवामानावर गावात त्यांचा शब्द शेवटचा. सूर्यावरचे डाग घटणार, यंदा थंडी लवकर पडणार, हेही त्यांनी त्याच बैठकीत ठरवून टाकलं. शेजारच्या बकारामने ते ऐकलं आणि साऱ्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, उशिराचं, गार रात्री मागणारं, जुन्या वाणाचं सुवासिक धान लावलं.

गुरुजींच्या मुलीची मुलगी डिंपल कृषी महाविद्यालयात शिकत होती. ती तेव्हाच म्हणाली होती, "नानाजी, कोळशाचा, गाड्यांचा धूर आहे कारण. शास्त्रज्ञांचं एकमत झालं त्यावर."

"एकमत पंगतीत होते, पोरी. शास्त्रात वाद पाहिजे."

"वाद शास्त्रज्ञांत नाही. तुमच्या मोबाइलात आहे."

पोर आपल्यावरच गेली, असं गुरुजींनी कौतुकाने मनात नोंदवलं आणि विषय मिटवला.

आता कोजागिरी उलटून दहा दिवस झाले होते. सकाळचे सहा. दवाचा पत्ता नाही. परसातली भिंत हाताला कोमट लागत होती, ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी. कुंपणापलीकडच्या बकारामच्या बांध्यांतून कोरडी सळसळ येत होती. भरलेलं धान असं वाजत नाही हे गुरुजींना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तिकडे पाहायचं टाळलं. तरी दिसलंच. सगळ्या लोंब्या ताठ उभ्या. एकही वाकलेली नाही.

बकाराम कुंपणाशी येऊन थांबला. हातातल्या लोंबीचा एकेक दाणा तो नखाने दाबत होता. पोकळ. पुढचा दाबला. पोकळ. तो ओरडला असता तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

"रोगबिग असन," गुरुजी म्हणाले.

"रोग कायचा? रातभर उकडून राहिलं, गुरुजी. दाना भरन कसा?"

डिंपल वही घेऊन बाहेर आली. "नानाजी, तुमचीच वही. काल मी सरासरी काढली. एकतीस वर्षांत दिवसाचा रकाना थोडासाच चढला. रात्रीचा त्याच्या तिप्पट." तिने वही त्यांच्यापुढे धरली. "सूर्यच तापवून राहिला असता तं दिवस जास्त चढले असते. रात्री कोन तापवून राहिलं? आपल्या धुरातला वायू गोधडी होऊन बसला वर. दिवसाची गरमी बाहेर जाऊच देत नाही."

गुरुजींनी वही घेतली. एकतीस वर्षं आकडे त्यांनी लिहिले होते, वाचले आज. पानामागून पान गरम होत आलं होतं. मग कोरी पानं लागली. ती त्यांनी उलटलीच नाहीत.

"पुढल्या साली तरी थंडी पडन ना?" बकारामने विचारलं.

गुरुजींनी वही मिटली, बंडी नीट केली, घसा साफ केला. "बकाराम, माझी चूक झाली. एकट्या माझी नाही, अख्ख्या मानवजातीची..."

"ते राहू द्या, गुरुजी. धान कापून बैलाले टाकतो म्हनलं. तुमचा इळा द्या जरा, माह्या इळ्याले धार नाई."