भिंतीवर उलटी चिकटवलेली गोष्ट

आत्याला एवढंच हवं होतं, की तिची गोष्ट घराबाहेरच्या कुणीतरी शेवटपर्यंत वाचावी. मी वाचली होती, पण घरच्यांना ती मोजत नाही.

आत्या लाँड्रीत इस्त्री करते. एक गिऱ्हाईक सदरा टाकून जातं आणि सात वर्षं फिरकत नाही, म्हणून सदराच त्याला शोधायला निघतो, अशी ती गोष्ट. अकरा पानं. शहरातल्या, स्थलांतरित लेखकांना आधार देणाऱ्या कार्यालयाने ती निवडली, मी इथल्या भाषेत केलेलं भाषांतरही ठेवून घेतलं. आत्याने अख्ख्या लाँड्रीला सांगितलं.

पहिल्या भेटीत तिथल्या बाईंनी, म्हणजे आमच्या आधारबाईंनी, आत्याच्या हातावर हात ठेवला तो शेवटपर्यंत काढला नाही. यात स्थलांतराची वेदना कुठे आहे, असं त्यांनी कळवळून विचारलं.

"माझी वेदना गुडघ्यात असते," आत्या म्हणाली. "ती मी डॉक्टरला दाखवते."

आधारबाईंनी ते वहीत उतरवलं. पुढे ते निमंत्रणपत्रिकेवर छापून आलं, डॉक्टर वगळून.

कार्यक्रमाला गेलो, तर समोरच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत आत्याचं अक्षर. पहिलं पान मोठं करून चिकटवलेलं, तेही उलटं. शीर्षक फरशीला टेकलेलं. लोक त्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. मी चूक दाखवली, तर आधारबाई म्हणाल्या, अक्षरांचं सगळ्यांनी फार कौतुक केलंय. बाकीची पानं आणि भाषांतर कपाटात सुरक्षित होतं. कुणी वाचलं का, विचारल्यावर त्यांनी मान तिरकी करून माझा दंड कुरवाळला. त्या हाताला गुलाबाच्या मलमाचा वास होता.

आत्या मला म्हणाली, "गाडीतून वाफेची इस्त्री आण."

ती लोकांच्या घरी जाऊन पडद्यांना इस्त्री करते, त्यामुळे इस्त्री गाडीत असतेच. दुखऱ्या गुडघ्यानिशी ती स्टुलावर चढली आणि कोपऱ्यापासून वाफ मारू लागली. गोंद सुटत गेला. कुणीतरी दिवे मंद केले. आधारबाई डोळे टिपत कुजबुजल्या, मुळं उपटली जातायत. पान एकही चुणी न पडता उतरलं. टाळ्या पडल्या. एक टोक मी धरलं, दुसरं आत्याने, आणि चादरीसारखी घडी घातली.

"कपाटाची किल्ली द्या," आत्या म्हणाली.

किल्ली मिळाली. पुन्हा टाळ्या.

परवा कार्यालयाचं पत्र आलं, की हा प्रयोग दरवर्षी करावा, भिंत ते देतील. आत्याने त्या कागदावर इस्त्री किती तापलीय ते बघितलं.

पहिलं पान आता लाँड्रीत आहे, सुलट. भाषांतराची पानं दोरीवर चिमट्यांनी ओळीने लटकवलीयत. काल एक गिऱ्हाईक सातव्या पानावर पोचलं आणि नेमकी त्याची पँट तयार झाली. आत्याने ती पुन्हा टेबलावर पसरली आणि पहिल्यापासून इस्त्री करायला घेतली.