सणाचा धूप

रुक्मानं उखळात राळेचा खडा टाकला आणि मुसळाचा पहिलाच घाव असा घातला की अर्धा खडा उडून चुलीमागं गेला.

"जा, तू बी जा," ती त्याला म्हणाली.

हल्ली ती कोंबड्यांशी, भांड्यांशी, उखळाशी बोलत असे. दुसरं होतं कोण ऐकायला? बोलून झाल्यावर मात्र कमरेला हात लावून ती वाकली आणि तो तुकडा शोधून काढलाच. राळ झिलूनं, तिच्या नवऱ्यानं, आणलेली होती. त्यानं फाल्गुनात रानातल्या धुपाच्या झाडावरून ती खरवडून आणली, चैत्रात अंथरूण धरलं आणि आषाढात गेला. राळेचं गाठोडं तेवढं फळीवर राहिलं.

धूप करायचं काम त्याचंच. वर्षातून दोनदा, चवथीला आणि दिवाळीला. रुक्मानं आयुष्यभर नुसतं शेजारी बसून "पुरे आता, घर काळं कराल" असं म्हटलेलं. आता तेच शब्द आठवून आठवून ती एकेक जिन्नस घालत होती. बांधावरचा नागरमोथा खणून, धुऊन, वाळवून ठेवलेला. दालचिनीची पानं हातानं चुरलेली. परसातल्या महाळुंगाच्या साली. शेणाच्या गोवरीची वस्त्रगाळ पूड, थोडा गूळ, वर तुपाची धार. सगळं मळून अंगठ्याएवढ्या वड्या केल्या आणि सुपात घालून सावलीला ठेवल्या. उन्हात ठेवलं की वास उडून जातो, असं झिलू म्हणायचा. ते एक नीट ध्यानात होतं.

हा सगळा खटाटोप नातीसाठी.

आजोबांच्या बाराव्याला मयूरी आली होती. सात वर्षांची पोर. दारातच थबकली आणि म्हणाली, "आजी, तुझ्या घराला दवाखान्याचा वास येतो." रात्रभर आईच्या पदरात नाक खुपसून निजली आणि उजाडल्या उजाडल्या बापाच्या मागं लागली, "बाबा, घरी जाऊया." घरी! म्हणजे मडगावातल्या त्या दोन खोल्या. मग हे काय होतं? पोरीचं काय चुकलं, पोरच ती. पण रुक्माच्या काळजात कुसळ गेलं ते गेलंच. तिनं अंथरूण जाळलं, घोंगड्या ओहोळावर आपटून धुतल्या, जमीन दोनदा सारवली. तरी कोपऱ्यातून फिनेलचा नि औषधी तेलाचा वास डोकावायचाच. दिवाळीच्या सुट्टीत पोर येणार होती. पुन्हा नाक मुरडलं तर ती परत या घराची पायरी चढायची नाही, हे रुक्माला पक्कं ठाऊक होतं.

आणि यंदा तर तळणीचा वासही घरात होणार नव्हता. माणूस गेलेल्या घरात वर्षभर सण नाही, कढई चढवायची नाही, अशी वाडीची रीत. त्या घराला फराळ शेजारपाजारचे नेऊन देतात. नुसता देत नाहीत, घटकाभर बसतात, गेलेल्याच्या चार गोष्टी काढतात. रुक्मानं ही रीत कधी चुकवली नव्हती. समोरच्या भागीचा, म्हणजे भाग्यलक्ष्मीचा, सासरा गेला त्या दिवाळीला पहिलं ताट रुक्माचंच होतं. पोहे, करंज्या, आणि वर केळीचं पान.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या पहाटे तिनं पायाखाली कारीटाचं कडू फळ फोडलं नाही, गोडाचं काही शिजवलं नाही. सगळं पाळलं. फक्त करवंटीच्या निखाऱ्यावर दोन वड्या ठेवल्या आणि धुपाटणं घेऊन खोलीखोलीतून फिरली. धूर निळा निळा निघाला. राळेचा, महाळुंगाचा, मागून हळूच दालचिनीचा वास दरवळला आणि क्षणभर तिला वाटलं, परसात झिलू खाकरला. ती चटकन वळली. पाणी तापवायच्या हंड्याखालचं लाकूड फुटलं होतं.

"खुळी झालीस तू," ती स्वतःलाच म्हणाली आणि हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, त्याचा आळ तिनं धुरावर घातला.

मग ओसरीवर बसून राहिली. गोव्याकडची गाडी कॅसलरॉकला येईल, तिथून जीपनं पोरं फाट्यावर उतरतील, असे ती मनातल्या मनात मांडे खात होती. गाडीची शिटी दरीतून ऐकू आली. जीपही फाट्यावरून गेली, पण थांबली नाही.

दुपारी फोन वाजला. परसातल्या धुण्याच्या दगडावर उभं राहिलं तरच आवाज नीट यायचा, म्हणून ती पळत तिथं गेली.

"आई, हॉटेल फुल्ल हाय," शिवानंद म्हणाला. "मालक सुट्टी देईना झालाय. तुळशीच्या लग्नाला बघतो."

"बरं."

"तसं बी यंदा आपल्यात दिवाळी न्हाईच की. येऊन काय करायचं, सांग."

दगडावरचं शेवाळ रुक्मानं पायाच्या अंगठ्यानं खरवडलं.

"मयूरी काय करती?" तिनं विचारलं.

"खेळायला गेलीया खाली."

"बरं. जपून ऱ्हावा."

फोन ठेवला आणि ती तशीच दगडावर उभी राहिली. आता आवाज कुणाचा यायचा होता?

संध्याकाळी तिनं ओसरी झाडली, चटई अंथरली, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. पोरं नाहीत तर नाहीत, शेजारीपाजारी तर येतील. कोणी आलं नाही. समोर भागीच्या घरी कंदील लागला, बायकांचं हसणं ऐकू आलं. तिच्या पायरीला मात्र कुत्रंही शिवलं नाही. रुक्माचा संताप संताप झाला. एवढी ताटं वाहिली मी या वाडीत! कुणाच्या घरी माणूस गेलं आणि मी गेले नाही, असं एक दार दाखवा म्हणावं! ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना दिवाळी. तिनं चटई गुंडाळली आणि तांब्यातलं पाणी अळवाला घातलं.

दुसऱ्या दिवशी तिनं हट्टानं पुन्हा धूप घातला. दोनच्या जागी चार वड्या. कुणाला नको तर नको, माझं नाक हाय की मला!

गुरं घेऊन निघालेली भागी कुंपणाशी थांबली.

"रुक्माक्का! आली न्हवं पोरं?"

रुक्मा दाराआड तशीच राहिली.

"काल पहाटेपासनं वास यायलाय," भागी मोकळेपणानं बोलत होती. "म्हटलं झिलूदादाचाच धूप हा, दुसऱ्या कुणाचा असणार! सणाबिगर तुमच्यात कवा केलाय? म्हंजे शिवानंदानं आईसाठी सण करायचं ठरिवलं. बरं केलं बघा. न्हाईतर आमची ताटं भरून तयार हुती, म्हादूकाकाच्या घरचं बी. पर सण करणाऱ्या घरात दुखवट्याचं ताट कसं न्यायचं, अक्का? तसलं अभद्र कोण करंल?"

रुक्माच्या ध्यानात आत्ता आलं. कढईचं तिनं पाळलं होतं, वासाचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. नातीचं नाक सांभाळायला गेली आणि सगळ्या वाडीला घरात दिवाळी आहे म्हणून सांगून बसली. खरं सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण गेला महिनाभर विहिरीवर "माझी नात येणार" म्हणून मिरवलेली ती. आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

"व्हय," ती आतूनच म्हणाली. "आल्यात. निजल्यात अजून. परवासानं दमल्यात."

"निजू द्यात, निजू द्यात," म्हणत भागी गुरांमागं गेली.

दिवस काही केल्या सरेना. घर सुरेख दरवळत होतं. रुक्मानं मुद्दाम कोपऱ्यात जाऊन, झिलूचं अंथरूण असायचं तिथं वाकून वास घेतला. फिनेल नाही, तेल नाही, काही नाही. धूप अगदी त्याच्यासारखा साधला होता. आणि "साधला हो" म्हणायला घरात माणूस नव्हतं. असल्या वासाचं काय लोणचं घालायचं? एकटेपणानं तिचा जीव नुसता गुदमरला. मघाच्या खोट्यानं तर दाराला आतून कडीच घातली होती.

दिवेलागणीच्या आधी, उजेड होता तेव्हाच, तिनं दिवसभर निखारे घालून जागतं ठेवलेलं धुपाटणं उचललं आणि अंगणाच्या मधोमध, साऱ्या वाडीला दिसेल असं आणून ठेवलं. वर तांब्याभर पाणी ओतलं. निखारे चरचरले, एक शेवटचा धूर उठला आणि फणसाच्या फांद्यांत विरला. मग तिनं चटई अंथरली आणि दिवा न लावता ओसरीवर बसली.

समोर तुळशीला पाणी घालणारी भागी हात थांबवून बघत राहिली. धुपाटण्याकडं, उघड्या दाराकडं, पायरीकडं. पायरीवर रुक्माच्या वहाणांखेरीज दुसरी वहाण नव्हती. भागी घरात गेली.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं, वर केळीचं पान. मागून म्हादूकाकांची सून येत होती, तिच्याही हातात ताट. दोघी अंगण ओलांडून आल्या. भागीनं ताट रुक्मापुढं ठेवलं आणि चटईच्या कडेला बसली. काही विचारलं नाही. फक्त सुनेकडं बघून तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोलूया," ती कुजबुजली. "पोरं निजल्यात आत."

रुक्मानं पान बाजूला केलं. गुळाचे पोहे होते, करंज्या होत्या. एक करंजी तिनं हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"कोण न्हाई गं आत," ती म्हणाली. "मोठ्यानं बोल."