काम काढलं की दुखणारं काळीज

मित्रांनो, माझ्या डोक्यावर आता चहाची किटली ठेवतात, तरी मी काही टेबल नाही. मी एक जुने इकोचे यंत्र आहे. माझी दांडी छातीवर टेकवली की आत धडधडणारे हृदय माझ्या पडद्यावर दिसते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. ट्रकमधून बर्फाची खिंड ओलांडून मी नारीनच्या डोंगरातल्या एका लहानशा इस्पितळात आले आणि डॉक्टर बुरुल यांच्या हाती पडले. हे माझे भाग्यच. थंडीच्या दिवसांत बुरुलबाई आधी माझी दांडी तळहातात धरून गरम करत आणि मगच पेशंटला लावत. पडद्यावर संशय आला की पुन्हा पुन्हा बघत. अशी माणसे मी फार पाहिली नाहीत.

पुरुष माझ्याकडे छाती धरून येत, त्यांचे दुखणे दारातच कळे. बायका कमीच येत. आल्याच तर म्हणत, थकवा येतो, जबडा ओढतो, पाठीत कळ येते. घरचे म्हणत, दृष्ट लागली असेल. हृदयाचे नाव कोणी काढत नसे.

एका वसंतात मीरगुल नावाची सून तिच्या सासूबरोबर आली. सासू म्हणजे सायकाल अपा; थोरल्या बाईला आमच्याकडे अपा म्हणतात. चार दिवसांत त्यांचे घर मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर जाणार होते. तिथे उन्हाळाभर डॉक्टर नाही, रस्ताही नाही. जे काही शोधायचे ते आजच.

"कुठे दुखतं गं?" बुरुलबाईंनी विचारले.

मीरगुलने मान खाली घातली. आमच्याकडे सासूसमोर सून बोलत नाही.

"तिला काय विचारतेस पोरी, मी सांगते," अपा म्हणाल्या. "थकते म्हणे. आमच्या वेळी थकायला सवड तरी होती का?"

मीरगुल पलंगावर निजली. माझ्या पडद्यावर तिचे हृदय अगदी छान चालले होते. मग बुरुलबाईंनी तिला खोलीतल्या सायकलवर बसवले, कारण धाप लागल्यावरच हृदयाची खरी परीक्षा होते. पण मीरगुलने जन्मात सायकल चालवली नव्हती. हृदय वेग घेण्याआधीच तिच्या पायांत गोळे आले. पडदा पुन्हा स्वच्छ.

अपांनी डोक्याचा रुमाल बांधायला घेतला. "बघितलंस? नाटकं सगळी. चहा ओतताना हिला काही होत नाही. शिरडक गालिच्याची लोकर लाटायला बसवली की जबडा धरलाच. काम काढलं की हिचं दुखणं निघतं."

बुरुलबाई थबकल्या. "अपा, परत म्हणा."

"काय, नाटकं?"

"नाही. त्याच्या पुढचं."

अपांनी कुरकुरत पुन्हा सांगितले. मित्रांनो, त्या बाईंची हुशारी मी काय सांगू! त्यांनी बाहेरच्या ओसरीतला लोकरीचा जाड नमदा उचलून आणवला, त्याची गच्च गुंडाळी करून दोरीने आवळली आणि मीरगुलच्या पुढ्यात टाकली. तिच्या छातीला ठोके मोजणाऱ्या तारा लावल्या, औषध हाताशी ठेवले. "लाट," त्या म्हणाल्या, "घरी लाटतेस तशी."

मीरगुल गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी गुंडाळी दाबत लाटू लागली.

"इस्पितळात आलोय की लोकर लाटायला?" अपा फणकारल्या. पण सवय जाते कुठे? "कोपरांनी दाब गं, कोपरांनी. मनगटांनी काय होतंय?"

मीरगुलचा हात जबड्याकडे गेला. बुरुलबाईंना ताई म्हणून हाक मारत ती पहिल्यांदाच बोलली. "एजे, आलं."

तिला तत्काळ कुशीवर निजवून बुरुलबाईंनी दांडी टेकवली. हृदय जोरात आकसत होते, पण त्याची समोरची भिंत मागे रेंगाळत होती. निवांत असताना तिला रक्त पुरे, कष्ट पडले की कमी पडे. बुरुलबाईंनी अपांना बोटाने ती भिंत दाखवली. "हे नाटक नाही, अपा. हिची नस अडलीय. कुरणावर नाही, राजधानीत, बिश्केकला न्यायचं."

अपा पडद्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी अंगातले जाकीट काढले. "माझंही बघ."

त्यांना काही लाटावे लागले नाही. त्यांच्या हृदयाचा एक कोपरा पातळ पडून निपचित होता. तो जुन्या हृदयविकाराच्या झटक्याचा व्रण होता.

"अपा, कधी फार दुखलं होतं?"

"थोरल्या लेकीच्या लग्नाचा शिरडक लाटत होते. जबडा असा ओढला, वाटलं दात उपटून टाकावेत. उलटी झाली. तरी लाटत राहिले." त्यांनी सुनेकडे पाहिले. "सासू म्हणाली, काम काढलं की हिचं दुखणं निघतं."

मीरगुलने खाली वाकून अपांचे जाकीट उचलले आणि त्यांच्या खांद्यांवर घातले. मला फार भरून आले.

बिश्केकच्या डॉक्टरांना ती नस सापडली आणि त्यांनी ती उघडली. शरद ऋतूत दोघी तपासणीला आल्या, तेव्हा माझ्या जागी नवे यंत्र होते आणि मी कोपऱ्यात किटली सांभाळत होते. बुरुलबाईंनी विचारले, "कसं वाटतंय?"

सवयीने अपांचे तोंड उघडले. त्यांनी ते रुमालाने झाकले आणि सुनेला कोपराने ढोसले. "सांग तू. मी गप्प बसते."

मीरगुल बोलू लागली ती थांबेचना. माझ्या डोक्यावरचा चहा पार गार झाला.

मित्रांनो, माझ्यावर किटली खुशाल ठेवा, फक्त पाणी सांडू नका. पण तुमच्या घरातली बाई थकले म्हणाली, तर तिला विचारा, काय करताना दुखतं? आणि उत्तर तिलाच देऊ द्या.