वरातीचा घोडा

कुंदननं लेकीसाठी घोडा घ्यायचं ठरवलं आणि कामोठे गावात ज्याला त्याला घोड्यातलं कळायला लागलं. ज्यांच्या सात पिढ्या खाडीत जाळी टाकण्यात गेल्या, ते नाक्यावर उभे राहून घोड्याचे दात कसे बघावेत ते सांगू लागले. कुंदन सगळ्यांचं ऐकून घ्यायचा. हीच त्याची खोड. बंदरावर क्रेन चालवणारा गडी, कामात चोख, पण भावकीतल्या कुणी नुसतं ‘काय रं’ म्हटलं तरी याचं पाणी पाणी व्हायचं.

लेक रिया, तेरा वर्षांची. दर रविवारी ती पनवेलपलीकडे, नेऱ्याच्या रस्त्यावर इसाजी सरांच्या तबेल्यात घोडेस्वारी शिकायला जायची. इसाजी पेणकर म्हणजे पनवेलचे जुने बेने इस्राएल, आपले कोकणातले ज्यू, नोकरीतून निवृत्त झाल्यावर घोड्यांच्या नादी लागलेले. त्यांच्याकडे आधी लीद उचलायची आणि मग लगाम धरायचा. रियानं लीद उचलली, खरारा केला, खुरांत रुतलेली माती उकरली, तेव्हा कुठं सरांनी तिला एकटीला घोडी घेऊन तबेल्याबाहेर सोडलं. आता सर इस्राएलला, लेकीकडे कायमचे निघाले होते आणि आपल्या घोड्यांना घरं शोधत होते. मैना नावाची घोडी रियाकडे जावी असं त्यांच्या मनात होतं.

मैना दिसायला, खरं सांगायचं तर, काहीच नव्हती. मातकट रंग, उतरतं वय, सुटलेलं पोट आणि एक कान फाटका. पण कानाशी फटाका फुटला तरी बाई गवत खायची थांबत नसे.

“पहिला घोडा असाच म्हातारा, समजूतदार बघावा,” इसाजी सर कुंदनला म्हणाले. “अजून काही वर्षं हिनं रियाला सांभाळायचंय. रियानं हिला सांभाळायची वेळ नंतर येईल.”

कुंदनला पटलं. घरामागं जाळी ठेवायची पत्र्याची शेड होती, ती बापलेकीनं मिळून रिकामी केली. फरशीवर घोडा घसरतो म्हणून फरशी उखडून मुरूम टाकला. पाण्याचं पिंप आलं, गवताच्या पेंढ्या आल्या, नालबंदाला सांगून ठेवलं, जनावरांचे डॉक्टर जागा बघून गेले. एरवी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसणारी पोर बापाशी तासन्‌तास बोलत होती. कुंदनला पुढं ते दिवस फार आठवायचे.

एका रविवारी त्याची आई गुणाबाईही घोडी बघायला आली. तिनं जन्मभर पनवेलच्या बाजारात मासळी विकली, पण तिचा मामा टांगेवाला होता, त्यामुळं घोड्यातलं गावात कुणाला खरोखर थोडंफार कळत असेल तर ते तिलाच. तिनं मैनेचं तोंड धरून निरखलं.

“हिला आसूढाळ हाय रं,” ती म्हणाली. “डोल्याखाली भोवरा. मामा अशी घोडी घेत नसं. म्हनं, मालकाला रडवते.” मग मैनेच्या मानेवर हात फिरवत म्हणाली, “पन पोरीचा जीव हाय हिच्यावर. घे तू. भोवऱ्यानं काय व्हतंय?”

रिया तिथंच पलीकडच्या बाजूला वाकून मैनेचे खूर साफ करत होती. तिचं लक्ष नसावं.

इथवर सगळं नीट चाललं होतं. पण कुंदनचा चुलतभाऊ प्रितम, ज्याचं लग्न ठरलं होतं, तो एके दिवशी म्हणाला, “दादा, वरातीला आता भाड्याचा घोडा नाय आनायचा. तुझाच आनायचा.” झालं! काका म्हणाले आपल्या घरचा घोडा, मामा म्हणाले गावात पहिल्यांदाच. कुंदनच्या डोळ्यांपुढं फाटक्या कानाची मैना आली, तिच्यावर फेटा बांधून बसलेला प्रितम आला आणि फिदीफिदी हसणारं अख्खं गाव आलं. पोरीसाठी घोडा घ्यायला निघालेला माणूस तिथून गावासाठी घोडा शोधायला लागला.

प्रितमला घेऊन तो एका व्यापाऱ्याकडे गेला. रियाला नेलं नाही, इसाजी सरांना विचारलं नाही. व्यापाऱ्यानं पांढराशुभ्र सुलतान बाहेर काढला, मोबाइलवर हळदीचं गाणं लावलं आणि लगामाला हिसका दिला. सुलतान ठेक्यावर पाय उचलून नाचायला लागला. कुंदन पाघळला. एवढा देखणा घोडा स्वारीचा आहे का, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही.

आता लेकीला काय सांगायचं? फाटक्या कानाची लाज वाटली म्हणायचं तर त्याचीही लाज वाटायची. त्यानं आईचं नाव पुढं केलं.

“आजीला आसूढाळ चालत नाही गं. घरात नको म्हणाली.”

“आजी म्हणाली?”

“हो ना. म्हाताऱ्या माणसाचं मन कसं मोडायचं?”

रिया त्याच्याकडे बघत राहिली आणि “बरं” म्हणाली. इसाजी सरांनाही त्यानं फोनवर हेच सांगितलं. “आईला दुखवू नका,” सर म्हणाले. “मैनेची मी कुठंतरी सोय लावतो.” कुंदनला सुटल्यासारखं वाटलं.

सुलतान आला. रियानं त्याचंही सगळं मनापासून केलं. पण चारआठ दिवसांतच ती म्हणाली, “पप्पा, याला स्वारीची सवयच नाहीये. लगाम जरा ओढला की हा नाचतो. कुणाला तरी दाखवू या ना.” सर तोवर इस्राएलला निघून गेले होते. “होईल सवय,” कुंदन म्हणाला.

लग्नसराईतलं कामोठे गाव, तिथं बँजो वाजणार नाही तर काय! प्रितमच्या हळदीच्या आदल्या संध्याकाळी रिया मोकळ्या प्लॉटवर सुलतानला फिरवत असताना शेजारच्या गल्लीत कुणाच्या तरी हळदीचा बँजो सुरू झाला. तिनं घाबरून लगाम खेचला. सुलतानला जे शिकवलं होतं ते त्यानं केलं, पुढचे दोन्ही पाय उचलून मागच्या पायांवर उभा राहिला. रिया कोपरावर पडली. हाडाचे तुकडे झाले. ऑपरेशन करून आत स्टीलची पट्टी बसवली, पण हात पुरता सरळ होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

आणि वरातीत सुलतान असा नाचला की लोकांनी तोंडात बोटं घातली. त्याचा लगाम कुंदनच्या हातात होता. शब्द दिला होता ना! पोर दवाखान्यात पडलेली आणि हा तिथं उभा. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं त्याला वाटत होतं, तरी लगाम काही त्यानं सोडला नाही.

सुलतानला पुढं त्यानं विकून टाकलं. रिया घरी आली. एका हातानं वेणी घालता येईना, म्हणून गुणाबाई घालून द्यायची. भोवऱ्यामुळं मैना नको झाली, ही कुंदननं पसरवलेली गोष्ट शेजारणींकडून फिरून आता म्हातारीच्या कानावर आली होती. एका सकाळी केस विंचरता विंचरता ती रडायला लागली.

“माज्या जिभेला हाड नाय गं बाय. मी त्या भोवऱ्याचं बोललीच नसती, तं तुजा हात शाबूत असता.”

कुंदन दारात चहाचा कप घेऊन उभा होता. आत्ता बोलावं, असं त्याला वाटलं. पण त्यानं चहाचा घोट घेतला.

“आजी, तू तर घे म्हणाली होतीस,” रिया म्हणाली. “मी तिथंच होते.”

“आँ? मंग नको कोन म्हनला?”

“जाऊ दे ना. वेणी घट्ट घाल.”

पोरीला पहिल्यापासून माहीत होतं. ‘बरं’ म्हणाली तेव्हाही. कुंदननं कप खाली ठेवला. वेणी घालून गुणाबाई आत गेल्यावर तो लेकीजवळ जमिनीवर बसला.

“इसाजी सरांना फोन लावतो,” तो म्हणाला. “मैना कुणाला दिली ते विचारतो. असेल तिथून आणू आपण तिला. खरंच आणू.”

रियानं वेणी खांद्यावरून पुढं घेतली.

“नको, पप्पा,” ती म्हणाली. “कुणी हसलं की तुम्ही परत आजीचं नाव सांगाल.”