पायरीवरचा व्यायाम

"गुडघा वर! अजून वर! जयंती, नुसता पाय टेकवू नकोस," राजनराव म्हणाले.

जयंतीबाईंनी दाराची मूठ घट्ट धरली आणि गाडीच्या पायरीवर पुन्हा चढल्या. मानसरोवर कॉलनीत लेकीच्या बिल्डिंगखाली त्यांची मोटरहोम उभी होती आणि सकाळी फिरायला निघालेली माणसं ही सर्कस बघत जात होती. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर राजनराव कितीतरी महिने टीव्हीसमोर नुसते बसून होते, जेवणसुद्धा नकोसं झालं होतं. मग फ्लॅट विकून ही गाडी घेतली आणि माणूस पुन्हा माणसात आला. फक्त एक खूळ डोक्यात शिरलं. पलंग आणि गॅस यांच्यामधल्या एवढ्याशा जागेत राहून अंग आखडणार! म्हणून जिथे मुक्काम, तिथे पायरीवर चढ-उतार, पाण्याचे कॅन उचलणं, मागच्या शिडीला रबर बांधून ओढणं. जयंतीबाईंचा गुडघा जैसलमेरपासून कुरकुरत होता, पण त्यांनी ब्र काढला नाही. गाडी थांबली तर हे पुन्हा तसेच बसून राहतील, याचीच त्यांना धास्ती होती.

त्या सकाळी उतरताना पाय लटपटला आणि बाई रस्त्यावरच बसल्या. लेक निशिगंधा त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली.

"आता पायरी बंद. मतलब, गाडीत राहणंच बंद," घरी आल्यावर ती म्हणाली. "डॉक्टर साफ बोलले ना बाबा, त्या चढ-उतारनेच गुडघा गेला."

ती चहा ठेवायला आत गेल्यावर राजनराव हळूच म्हणाले, "जैसलमेरपासून दुखतोय ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"लंगडताना दिसत होतीस. म्हटलं, व्यायामानं सुटेल." मग मान खाली घालून म्हणाले, "खोटं कशाला बोलू? विचारलं असतं, तर थांबावं लागलं असतं."

जयंतीबाईंना संताप आला, पण तो धरून ठेवायचंही त्राण नव्हतं. आपणही त्याच भीतीनं गप्प राहिलो, मग भांडायचं कुणाशी?

"निशू, तुमची मागची खोली रिकामीच असते ना गं?" राजनरावांनी स्वयंपाकघराकडे बघत विचारलं. बदलीच्या प्रत्येक गावी स्वतः घर शोधणारा माणूस लेकीकडे जागा मागत होता. जयंतीबाईंना ते ऐकवेना.

संध्याकाळी त्यांनी बायकोचं सामान वर आणलं. साड्या, औषधं, देव. सगळं कपाटात नीट लावून दिलं.

"आणि तुमचं?"

"आणतो की. आजच्या दिवस राहू दे खाली."

जयंतीबाई "बरं" म्हणाल्या. मग आपल्या साड्या एका बाजूला सरकवून त्यांनी अर्धा कप्पा रिकामा केला.