वडगावच्या वाचक मंडळाची पेटी

“सर, पेटी माणसाच्या हातानं जाऊ द्या. गाडीला कशापायी देता? न्यायला माणूस आलं की घरात काय चाललंय ते बी बघतंय,” असं दगडाबाई म्हणाल्या होत्या. मला तेव्हा हसू आलं. मला गाडीत बसायला मिळणार होतं ना!

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पेटी. केजच्या एका कारागिरानं मला ठोकून घडवलं आणि निळा रंग दिला. युसूफ वडगावच्या वाचक मंडळानं माझ्यात नव्या कवींचे वीस संग्रह ठेवले, वर अभिप्रायाची एक वही. मंडळ चालवणारे राधाकिशन सर शाळेत मराठी शिकवत. त्यांनी नियम घातला होता. मी एका घरी पंधरा दिवस राहायचं, घरच्यांनी वाचून वहीत चार ओळी लिहायच्या आणि पुढची पाळी असलेल्यानं स्वतः येऊन मला न्यायचं. आलेला माणूस चहा घेई, आधीचा अभिप्राय मोठ्यानं वाची आणि त्यावर वादही घाली. दगडाबाई शेळ्या राखत, वाचायला उतारवयात शिकलेल्या. एका नावाजलेल्या संग्रहावर त्यांनी लिहिलं होतं, ‘ह्या कवीनं शेळी लांबून बघितली हाय.’ मंडळ आठवडाभर हसत होतं. माझ्या कोपऱ्यांना पोचे पडले, पण कौतुक लई झालं.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस आला नाही. माणसं टँकरच्या रांगेत, जनावरं चारा छावणीत. मला न्यायला यायची सवड कुणाला राहिली नाही. सहकारी दूध सोसायटीची गाडी तशीही वस्त्यांवर फिरत होती, सरांनी मला तिच्यात घातलं. चालक सुग्रीव हॉर्न वाजवी, मला ओट्यावर ठेवी आणि निघून जाई.

अशीच मी सारजाच्या ओट्यावर उतरले. सारजा बी.ए. झालेली, कविता लिहिणारी. शेतातलं एकटं घर, कडेवर पाच महिन्यांचं लेकरू. नवरा जनावरांसोबत छावणीत, घरातला एकुलता मोबाइल त्याच्याकडं. पंधरा दिवसांत तिनं एकही पुस्तक उघडलं नाही. भाकरी करी आणि तशीच झाकून ठेवी. लेकरू रडे, ती भिंतीकडं बघत बसे. शेवटच्या दिवशी तिनं वही घेतली. सवयीनं ओळी एकाखाली एक पडल्या:

‘दूध आटलं.
लेकरू रडतं, मी उठत नाही.
बारा दिवस झाले, माझ्याशी कुणी बोललं नाही.
कुणी येईल का.’

वही पुढच्या घरी गेली. तिथं खाली लिहिलं गेलं, ‘मुक्तछंद सहज उतरलाय. दूध आटण्याची प्रतिमा थेट दुष्काळाला भिडते.’ त्याच्या पुढच्या घरी, ‘शेवटच्या ओळीत प्रश्नचिन्ह हवं होतं.’ वाचून सरांचे डोळे भरून आले. त्यांनी त्या ओळी पाटोद्याच्या कविसंमेलनात वाचल्या. टाळ्या थांबेनात. शाल आणि प्रशस्तिपत्र माझ्यात ठेवून सुग्रीवबरोबर तिच्याकडं धाडलं. वाटेत मी अभिमानानं फुगले होते. हे सांगताना आज लाज वाटते.

सारजानं शालीची घडी मोडली नाही. लेकरू आता मोठ्यानं रडत नव्हतं, नुसतं कण्हत होतं. तिनं सगळे अभिप्राय वाचले, पुन्हा एकदा वाचले. मग खाली लिहिलं, ‘ती कविता नव्हती.’ झाकण लावून मला ओट्यावर ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

परतताना सुग्रीवनं मला उचललं. त्याची ती शेवटची फेरी. दूधच राहिलं नव्हतं, सोसायटीनं गाडी बंद केली. सरांनी त्याला विचारलं, ताई खूश झाल्या का? “बाहीर आली न्हाई, सर. लाजली असंल,” तो म्हणाला. सर समाधानानं हसले. तेव्हापासून मी गोदामात, पेंडीच्या रिकाम्या पोत्यांमागं पडून आहे. वही कुणी उघडलेली नाही. पाऊस पडला की मंडळ पुन्हा बसवू, असं ठरलंय म्हणे.

आज नऊ दिवस झाले. मला गंज चढू दे, पुस्तकांना वाळवी लागू दे, माझी धूळ पुसत बसू नका. केजच्या रस्त्यानं गाव सोडलं की डाव्या हाताला शेतात एकच घर दिसतं, पत्र्याच्या दाराचं. मित्रांनो, घरातलं एखादं मोठं माणूस सोबत घ्या, लेकरासाठी दूध घ्या आणि तिकडं जा. हाकेला ओ आली नाही तरी मागं फिरू नका. सारजा कशी आहे, तेवढं बघून या.