तांदळावरचं नाव

नवरदेव ईश्वरदासनं अंगठीच्या कडेनं ताटातल्या तांदळावर 'अल्का' असं लिहिलं, ती १९९९ च्या मे महिन्यातली दुपार होती. नवरीला कुणी काही विचारलं नव्हतं. नणंदेनं ताट हलवलं, तांदूळ पोत्यात परत ओतले आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या पंगतीत त्यांचा भात झाला. नवरीचं माहेरचं नाव पुस्तकला. ते ऐकून सासरच्या बाया आधीच पोट धरून हसल्या होत्या. पोरगी आणली का दप्तर, असंही एकीनं विचारलं होतं.

त्या नावाला कारण होतं. ती जन्मली त्या दिवशी तिचा बाप दुधराम गावच्या नव्या शाळेसाठी स्टेशनावरून पुस्तकांच्या पेट्या बैलगाडीनं आणत होता. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. घरी आला तर मुलगी झालेली. तेव्हा नवेगाव बांधच्या आसपास मुलींच्या नावामागे 'कला' लावायची चाल होती. शामकला, हेमकला, चंद्रकला अशा घरोघर. दुधरामनं कलेच्या आधी पुस्तक जोडलं, बोलता बोलता दोन 'क'चा एक झाला. गावात कुणी हसलं नाही. तिच्या वर्गातच पाच कला होत्या. पण ती बारावी होईपर्यंत कला मागे पडल्या. पाळण्यात पायल, काजल, मोनाली आल्या. तिच्या मुलीचं नावही आत्यानं मोनालीच ठेवलं. तेव्हाही तिला कुणी विचारलं नाही.

रेशनकार्डावर ती अल्का झाली, मतदारयादीत अल्का झाली. राग होता, पण धानाचा कोंडा पेटतो तसा, वरून राख आणि आत निखारा.

२०११ मध्ये सासरच्या गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली. गावात बारावी शिकलेली सून एकच. अडचण अशी, की बारावी पुस्तकला झाली होती आणि गावात राहत होती अल्का. अर्ज घेणाऱ्या बाबूनं कागद परत दिले. दोघी एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा म्हणाला. शेवटची तारीख शुक्रवार, पाच वाजेपर्यंत.

शुक्रवारी नवरा-बायको तालुक्याच्या कचेरीबाहेर टाईपवाल्या उदारामपुढे बसले. त्याचा मजकूर ठरलेला होता, अशा बाया त्याच्याकडे रोज येत. माझे खरे नाव अल्का असून पुस्तकला हे नाव शाळेत चुकीने लागले आहे, असं त्यानं झपझप छापलं. पुस्तकलानं कागद वाचला आणि परत केला.

"चुकीनं नाही लागलं. बापानं ठेवलं. पुस्तकला हे नाव, आन अल्का सासरी ठेवलेलं. असं लिवा."

ईश्वरदास वैतागला. "काऊन खोडा घालून राहिली? नोकरी लागल्याशी मतलब."

"तुमचं नाव बदलवून पाहा ना मंग," ती म्हणाली. उदारामनं हसू दाबून दुसरा कागद चढवला.

आत तहसीलदार साहेबांनी तिला शपथ दिली आणि साक्षीदार म्हणून नवऱ्याकडे वळले. लग्नाआधी यांचं नाव काय होतं? बारा वर्षांत ईश्वरदासनं तिला अल्का म्हणूनही हाक मारली नव्हती. आधी 'ऐकते का', मग 'मोनालीची माय'. बायकोचं नाव चारचौघांत घेणं त्यांच्या घरात कमीपणाचं होतं. उदारामपुढे तिचं नाव त्यानं नुकतंच ऐकलं होतं, तरी ते तोंडातून काढवेना.

"काहीतरी कला होतं साहेब," तो म्हणाला. "चंद्रकला असन."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. नवऱ्यालाच ठाऊक नसेल तर मी सही कशावर करू, असं त्यांनी विचारलं. भिंतीवर पावणेचार झाले होते.

पुस्तकला रडली नाही. तिला सासरचा उंबरा आठवला. बाया दारात आडव्या उभ्या होत्या, नाव घेतल्याशिवाय आत सोडत नव्हत्या, आणि मे महिन्याचं ऊन डोक्यावर होतं.

"म्या अर्धा घंटा उन्हात उभी राहून तुमचं नाव घेतलं होतं जी, सगळ्या बायांपुढं. आता तुम्ही घ्या. पुस्तकला."

"साहेबापुढं कायले तमाशा..."

"घ्या."

तो फरशीकडे बघत पुटपुटला. साहेब म्हणाले, ऐकू आलं नाही. मग तो मोठ्यानं म्हणाला, "पुस्तकला." त्याचे कान लाल झाले. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. या वेळी हसणं तिच्यावर नव्हतं. अर्ज चार चाळीसला आत गेला.

दोन महिन्यांनी नेमणुकीचा आदेश आला. पुस्तकला ईश्वरदास कापगते. शेजारच्या बाया ओसरीवर जमल्या. आमच्या अल्काले नोकरी लागली, असं सासू सुमित्राबाई एकेकीला सांगत होती. मग तिनं हाक मारली, "अल्का, चहा मांड."

पुस्तकला ओसरीवरच बसून राहिली. सासूनं दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली.

"बहिरी झाली का?"

"माह्या नावानं हाक मारा, उठते."

सुमित्राबाईचा आवाज चढला. "नाव, नाव काय लावून राहिली? माहंबी बदलवलं होतं याच घरानं. मी बोंबलली का?"

"काय होतं तुमचं?"

सुमित्राबाईनं तोंड उघडलं, जमलेल्या बायांकडे पाहिलं आणि मिटलं.

"आता आठोत नाही," ती म्हणाली.

ते खोटं होतं, हे पुस्तकलाला कळलं. स्वतःचं नाव कोणी विसरत नाही. हिलाही कुणीतरी उंबऱ्यावर उन्हात उभं केलं असणार, आणि तरी १९९९ मध्ये तांदळाचं ताट हिनंच पुढे केलं होतं. पुस्तकलाचा राग उतरला नाही, उलट वाढला.

दोघींपैकी कुणीच उठलं नाही. बाया चहाची वाट बघत बसल्या. मग कोपऱ्यात बसलेला ईश्वरदास निमूट उठला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेला.